निटिंग मशीनवर रिब विणताना खांद्याच्या उताराला भोके का पडतात?

साध्या विणीत अर्धवट ओळी विणून खांद्याचा उतार नीट निघतो, पण रिबर (यंत्राला पुढे जोडायची सुयांची दुसरी रांग, म्हणजे दुसरा बेड) लावून एक सुलट एक उलट रिब विणली की भोके पडतात आणि मधूनच टाके सुटत नाहीत, असे आपण लिहिले आहे. माझ्या अनुभवाप्रमाणे यातला निम्मा दोष वजनांचा असतो.

खांद्याला ४० सुया आहेत असे धरू, पुढच्या बेडवर २० आणि मागच्या बेडवर २०. कॅरेज (सुयांवरून फिरवून ओळ विणायचा सरकता भाग) गळ्याच्या बाजूला असताना बाहीकडच्या ८ सुया, म्हणजे प्रत्येक बेडवरच्या ४, होल्डला काढाव्यात, म्हणजे त्या न विणता टाक्यांसह थांबतील अशा पुढे ओढून ठेवाव्यात. एका बेडवर जास्त आणि दुसऱ्यावर कमी असे करू नये, कारण मग रिबच्या कडेला एकेरी कापडाची पट्टी तयार होते. नंतर बाहीकडे एक ओळ विणावी, होल्डमधल्या सर्वांत जवळच्या सुईखालून धागा घ्यावा आणि परतीची ओळ विणावी. असे ४ वेळा केले की ८ ओळींचा उतार मिळतो. दोन सुलट दोन उलट रिबलाही ८ चा टप्पा चालतो, कारण तिची घडण ४ सुयांची असते. रिबरच्या कॅरेजला होल्डची सोय नसेल, तर त्या सुयांवरचे टाके नायलॉनच्या दोरीने हाताने विणून सुया मागे सारता येतात. काम किचकट आहे, पण होते.

आता वजनांविषयी. गळ्याकडचे कापड ओळीगणिक लांबत जाते आणि होल्डकडचे तेवढेच राहते, त्यामुळे वजने टांगलेला खालचा कंगवा तिरका होतो आणि सगळा भार थांबलेल्या टाक्यांवर जातो. ते टाके ताणून मोठे होतात, हीच आपली भोके. दुसरीकडे, चालू सुयांवर ओढ उरली नाही की सुई पुढे येताना जुना टाका सुईच्या जिभेच्या (हुक उघडझाप करणाऱ्या पात्याच्या) मागे न सरकता तिच्याबरोबरच वर येतो, आणि हुकात दोन धागे बसतात. माझ्या पहिल्या स्वेटरच्या वेळी सुया वाकल्या असाव्यात या समजुतीने मी चार सुया बदलल्या होत्या. प्रत्येक टप्प्यानंतर एक वजन होल्डच्या बाजूने काढून गळ्याकडे टांगावे, आणि दोन्ही बेडच्या फटीत वाकून धागा होल्डच्या सुयांवर पडलेला नाही ना, हे पाहावे.

शेवटी मी रिबरवरचे २० टाके मुख्य, म्हणजे मागच्या, बेडच्या मधल्या रिकाम्या सुयांवर उचलून घेते, सर्व सुया चालू करून टाक्याच्या आकाराचा नंबर वाढवून एक साधी ओळ विणते आणि मगच टाके बंद करते. रिबमध्येच बंद केलेला खांदा मला कधी पटला नाही, कारण स्वेटरच्या वजनाने तो ओघळतो.