वाचकांचे प्रश्न : अर्धा गड कुठे गेला?

प्रश्न : मुलाकडे वेल्सला गेलो असताना कार्नार्वनच्या दक्षिणेला समुद्राकाठी ‘दिनास दिन्ल्ले’ हा प्राचीन गड पाहिला. जमिनीच्या बाजूला मातीचे दोन उंच बांध आणि मध्ये खंदक आहे. पश्चिमेला मात्र थेट कडा. त्या बाजूला समुद्र असल्यामुळे तट घातलाच नव्हता का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : घातला होता, तो समुद्रात गेला. याचा पुरावा तिथेच दिसतो. बांध कड्याशी पोचतो तेव्हा तो उतरत किंवा वळत संपत नाही. पूर्ण उंचीवर असतानाच वडी कापावी तसा तुटतो. मुद्दाम संपवलेल्या तटाला टोक असतं, इथे नुसता छेद आहे.

हा गड लोहयुगातला. टेकडी सुमारे ३० मीटर उंच, पण तिच्या पोटात कातळ नाही. हिमयुगातल्या बर्फाने रेटत आणलेली वाळू, गोटे आणि चिकणमाती यांचा तो ढीग आहे. त्यामुळे झीज दोन्हीकडून होते. वादळात लाटा पायथा पोखरतात आणि वरचा भाग आधार सुटून बसतो. वरून पावसाचं पाणी वाळूत मुरतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि कड्याच्या तोंडातून पाझरतं. पाझराच्या जागी घळी पडतात. त्या घळी मागे सरकत गडाच्या आतपर्यंत येतात. समुद्राने गड खाल्ला असं आपण म्हणतो खरं, पण त्यात पावसाचा वाटा मोठा असतो. पर्यटकांच्या पायांनी गवत गेलं की घळीला आयती वाट मिळते, म्हणून आखलेली पायवाट सोडू नये.

गड नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीचा आहे. २०१७ ते २०२३ या काळात वेल्स आणि आयर्लंड यांच्या ‘चेरिश’ प्रकल्पात त्याचं मोजमाप झालं. २०१९ च्या उत्खननात वाऱ्याने आणून टाकलेल्या वाळूखाली दगडी गोल घराचा पाया सापडला : व्यास सुमारे १३ मीटर, भिंत काही ठिकाणी अडीच मीटरच्या आसपास जाड. रोमन काळातली खापरंही मिळाली. जे राहणार नाही ते आधी नीट वाचून घ्यायचं, हे तिथलं धोरण आम्हाला पूर्ण पटतं.

प्रश्न : मग पायथ्याला भिंत किंवा टेट्रापॉड (लाटा अडवणारे काँक्रीटचे चारपायी ठोकळे) का टाकत नाहीत?
– तेच वाचक

उत्तर : उभ्या भिंतीवर आपटलेली लाट परत फिरताना भिंतीच्या मुळाशी असलेली वाळू उपसते. किनारा खचतो आणि शेवटी भिंतच कलते. टेट्रापॉडने लाटेचा जोर मोडतो, पण ते जिथे संपतात तिथे शेजारची जमीन जास्त वेगाने जाते. शिवाय कड्यातून सुटणारे गोटे हीच पुळणीची, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळू-गोट्यांच्या पट्ट्याची, शिदोरी असते. ती अडवली की पुळण बारीक होते आणि लाटा अधिक जवळ येतात. वरून मुरणाऱ्या पाण्यावर तर भिंतीचा काहीच इलाज नाही.

प्रश्न : आमच्या गावचा किल्ला जांभ्याच्या सड्याच्या (सपाट कातळी पठाराच्या) टोकावर आहे. दर पावसाळ्यात कडेचा तुकडा जातो. पैसा नाही, यंत्रं नाहीत. गावकऱ्यांनी काय करावं?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : नोंद ठेवावी. दुरुस्तीचा अर्ज तारखा आणि मापं असली तरच वजनदार होतो. तुमच्याकडेही प्रकार तोच आहे : वर कडक जांभा, खाली मऊ मातकट थर. लाटा खालचा थर पोखरतात, वरचा जांभा छज्ज्यासारखा पुढे राहतो आणि एक दिवस सबंध शिळा सुटते. म्हणून कड्याच्या टोकावर उभं राहून खाली डोकावू नका. माप आतल्या बाजूने घ्यायचं.

कड्यापासून दहा-पंधरा मीटर आत, न हलणाऱ्या तीन-चार खुणा ठरवा : पायरीचा कोपरा, चौथऱ्याची कड, असं काही. नवीन खिळा ठोकू नका, रंग लावू नका. प्रत्येक खुणेपासून कडेपर्यंत टेप धरा, दिशा होकायंत्राने लिहून ठेवा. टेपचं पुढचं टोक हाताने नेऊ नका, लांब काठीला बांधून सरकवा. टेप नेहमी ताणलेला हवा. सैल टेपमुळे दहा सेंटिमीटरचा फरक सहज पडतो, आणि वर्षाची झीजच कधी कधी तेवढी असते.

फोटो खालून, पुळणीवरून. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरची द्वितीया-तृतीया पाहा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, या जुन्या हिशेबाने द्वितीयेची भरती दीडला येते, म्हणजे सुकती (पूर्ण ओहोटी) सकाळी पावणेआठच्या सुमारास. उधाणाच्या दिवसांत पाणी सर्वांत लांब जातं आणि पश्चिमेकडचा कडा सकाळी सारख्या सावलीत असतो, त्यामुळे भेगा स्वच्छ उमटतात. दर पावलाला एक फोटो घ्या, पुढच्या फोटोत आधीच्याचा दोन तृतीयांश भाग यायला हवा. झूम नको. चौकटीत दोन मीटरची, दर दहा सेंटिमीटरला रंगवलेली काठी ठेवा. मे अखेर एकदा, ऑक्टोबरात एकदा, शिवाय मोठ्या वादळानंतर. शिळा सुटताना दिसत असेल तर त्या दिवशी खाली जाऊ नये.

किल्ला संरक्षित स्मारक असेल तर खापर, नाणं काहीही उचलू नका. जागेवर फोटो काढून पुरातत्त्व खात्याला कळवा. केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. गटाराचं किंवा रस्त्याचं पाणी सड्यावर सोडलं जात असेल तर ते वळवायची मागणी ग्रामपंचायतीकडे सर्वांत आधी करा. कमी खर्चात सर्वांत जास्त फरक त्यानेच पडतो.

प्रश्न : तटाच्या फटी सिमेंटने भरल्या तर चालेल का?
– एक वाचक, मुरूड

उत्तर : नाही. तुमच्याच समोरच्या पद्मदुर्गावर पाहा : दगड खाऱ्या हवेने झिजून आत गेलेत आणि चुन्याच्या दर्जा (दगडांमधले भरलेले सांधे) जाळीसारख्या बाहेर उरल्या आहेत. मीठ दगडात शिरतं, सुकताना त्याचे खडे फुगतात आणि दगडाचा पापुद्रा सोलतात. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, मग ती सगळी दगडातूनच सुकते आणि झीज वाढते. दुरुस्ती चुन्याचीच हवी, तीही खात्याच्या देखरेखीखाली. वाळू गोड्या पाण्याने धुतलेली असावी. दर्जा गोणपाटाने झाकून काही दिवस ओल्या ठेवाव्यात, नाहीतर चुना भुसभुशीत राहतो. तटात वड-पिंपळ असेल तर मूळ ओढून काढू नका. मुळाबरोबर चिरे निघतात.