सोलापुरात स्टीमपंक आर्केड मशीन घरी बनवायचं तर साहित्य कुठून आणायचं?

तुम्ही विचारलंय : "घरी स्टीमपंक पद्धतीचं आर्केड मशीन बनवायचंय. सोलापुरात साहित्य मिळेल का, आणि ऑनलाइन मिळणारे सजावटीचे गिअर चिकटवले तर चालतील का?"

(आर्केड मशीन म्हणजे गेम पार्लरमध्ये असायचं तसं उभं राहून खेळायचं मशीन, आणि स्टीमपंक म्हणजे त्याला वाफेच्या इंजिनांच्या काळातलं, चाकं-नळ्यांचं रूप देणं.) पहिल्याचं उत्तर, मिळेल की. दुसऱ्याचं, नका चिकटवू.

मी चिकटवले होते. सोनेरी प्लास्टिकच्या चक्रांची दोन पाकिटं मागवली, प्लायवर ओळीने लावली, लांबून छान दिसत होतं. भाचा आला, त्याने एका चक्राला बोट लावलं. फिरेना. दुसऱ्याला लावलं. "मामा, हे कशाचं आहे?" कशाचंच नव्हतं. रात्री केस वाळवायच्या ड्रायरने गरम करून सगळी खरवडून काढली. तेव्हापासून मशीनवर काही लावायचं झालं की आधी भाच्याचा तोच प्रश्न स्वतःला विचारतो.

आधी नुसता सांगाडा करा आणि पंधरा दिवस तसाच खेळा. १८ मिमी प्लाय, जुन्या बाजारातला १९ इंची चौकोनी मॉनिटर (जुने गेम ४:३ मापाचे असतात, रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात), आत रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा संगणक, पुढे नुसतं 'पाय' म्हणतो) आणि त्यावर जुने गेम चालवणारं रेट्रोपाय हे सॉफ्टवेअर. बटणांच्या तारा एका यूएसबी एन्कोडर बोर्डात (बटण दाबल्याचं संगणकाला कळवणारी छोटी पट्टी) जातात, त्यात सोल्डरिंगसुद्धा लागत नाही. कंट्रोल पॅनल जमिनीपासून तीन फुटांच्या आसपास ठेवा, पण आधी पुठ्ठ्याचं करून उभं राहून बघा.

माझी फसगत जॉयस्टिकने केली. १८ मिमी प्लायखाली ती कसली, तर दांडा वर जेमतेम बोटभर आला. सुताराकडून खालच्या बाजूने खाच मारून तिथली जाडी ६ मिमीवर आणावी लागली. बटणंसुद्धा खालून नट आवळायची घ्या. नुसती दाबून बसवायची बटणं पातळ पत्र्यासाठी असतात, जाड प्लायमध्ये धरत नाहीत.

किती बटणं? तुम्ही काय खेळणार त्यावर आहे. नव्वदच्या दशकात रुपया टाकून पार्लरमध्ये 'मुस्तफा' खेळला असाल (खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम, १९९३), तर त्याला दोन बटणं पुरतात. 'स्ट्रीट फायटर २'ला सहा लागतात. मी सहा लावली आणि घरी सगळे मुस्तफाच खेळतात.

आता मजेचा भाग. वाफेच्या जमान्यातच संगणक आले असते तर ते कसे दिसले असते, ही स्टीमपंकची कल्पना. वाफ आपल्या गावाला नवी आहे का? १८७७ची जुनी मिल, तिचं धुराडं, पेठांतून ऐकू येणारा भोंगा. इंग्लंडातली चित्रं बघत बसण्यापेक्षा मी अशोक चौक, साखर पेठ आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या भंगारवाल्यांकडे हिंडलो. बंद पडलेल्या यंत्रमागांचे भाग किलोवर मिळतात. बिडाची दातेरी चाकं, आडवा धागा नेणारे लाकडी धोटे, धागा गुंडाळायच्या कांड्या. एका कारखानदाराने विचारलंच, "हे कशाला पायजे ओ तुम्हाला?" गेम खेळायला म्हटल्यावर चहा पाजला आणि माझ्याकडे जरा काळजीने बघितलं.

बिडाची चाकं मापात घ्या, फार जड असतात. मी दोन मोठी वर लावली आणि कॅबिनेट पुढे झुकायला लागलं. आता एकच आहे, खाली उजवीकडे, आणि ते फिरतं. त्याच्या आसावर एक मायक्रोस्विच (छोटी कळ) आहे. चाक अर्धा फेरा फिरवलं की पाय नीट बंद होतो. ही नुसती हौस नाही. चालू असताना लाइट गेली की मेमरी कार्ड खराब होऊ शकतं, माझं दोनदा झालं. त्यामुळे आत राउटरवाला छोटा यूपीएस पण ठेवलाय, लाइट जाऊन पाय बंद करेपर्यंत तो पुरतो. त्याचं आउटपुट पायला लागतं तेवढं, ५ व्होल्ट ३ अँपिअर, आहे का ते घेतानाच बघा.

कांडी जॉयस्टिकच्या टोकाला लावायचा मोह होतो. लावली. दिसायला झकास, अर्ध्या तासात तळहात दुखला. परत गोल बोंड बसवलं. हात लागतो ते साधंच बरं.

भंगारातली सगळ्यात भारी वस्तू म्हणजे जेकार्डचे पुठ्ठे. चादरीची नक्षी विणायला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची दोऱ्याने ओवलेली माळ असते. जिथे भोक तिथे आकडा ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलतो, जिथे नाही तिथे धागा खालीच राहतो. आहे आणि नाही, एवढ्यावर अख्खं फूल उमटतं. जेकार्डचा माग १८०४चा. पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेजने आपल्या वाफेवर चालवायच्या गणनयंत्रासाठी हेच पुठ्ठे योजले होते. ते यंत्र काही त्याच्या हातून पुरं झालं नाही, पण स्टीमपंकवाले ज्या 'असं झालं असतं तर'वर जगतात, त्याचा हा तुकडा आपल्याकडे रद्दीत पडलाय. मी मशीनच्या कपाळपट्टीला, जिथे गेमचं नाव असतं, तिथे आठ पुठ्ठे लावले आणि मागे १२ व्होल्टची पिवळी एलईडी पट्टी. अंधारात भोकांतून उजेड येतो तेव्हा नुसते ठिपके चमकतात. एक पुठ्ठा म्हणजे विणीतली एकच ओळ, त्यामुळे आठ पुठ्ठ्यांत अख्खी नक्षी काही दिसत नाही.

दुसरी आवडती गोष्ट घड्याळ, म्हणजे हवेचा दाब दाखवणारा काट्याचा प्रेशर गेज. कॉम्प्रेसर दुरुस्तीवाल्याकडून बिघडलेला पितळी गेज घेतला, आतली यंत्रणा काढून १ मिलिअँपिअरचा काट्याचा मीटर बसवला. पायच्या पिनवर ३.३ व्होल्ट येतात, म्हणून सिरीजमध्ये ३.३ किलोओहमचा रेझिस्टर. दहा-बारा ओळींची पायथन स्क्रिप्ट प्रोसेसरचं तापमान वाचते आणि पीडब्ल्यूएमने (पिनची वीज झपाझप चालू-बंद करून) काटा हलवते. तबकडी स्वतः छापली : गार, कोमट, कडक, मे महिना. 'मे महिना' ८० अंशांवर ठेवलाय, कारण तिथून पुढे पाय स्वतःचा वेग कमी करायला लागतो.

आणि सोलापुरात तो काटा तिथे जातोच. पहिल्या उन्हाळ्यात दुपारी मुस्तफाचा आवाज तुटायला लागला, तेव्हा कळलं. उपाय माळ्यावर सापडला. आजीचा तांब्याचा पाण्याचा बंब! आईने कापू दिला नाही, पण वरचा धुराड्याचा तुकडा सुटा निघाला. तो कॅबिनेटच्या डोक्यावर बसवला, तळाशी ८० मिमीचा कॉम्प्युटरचा पंखा, आणि कॅबिनेटच्या मागे खाली हवा आत यायला जाळी. काटा 'कडक'वर आला की पंखा सुरू होतो आणि बंबातून खरोखर गरम हवा बाहेर पडते.

पितळ-तांबं हाताच्या घामाने काळं पडतं. चकचकीत हवं तर पितांबरीने घासून वरून क्लिअर लॅकरचा फवारा मारा. मी घासताना आई म्हणाली, "देवाची समई कधी एवढी घासली नाहीस." जुनाट रूप आवडत असेल तर नुसतं सोडून द्या.

वायरिंगमध्ये मात्र हौस नको. दिसायला ठेवलेल्या तांब्याच्या नळ्यांतून २३० व्होल्टची वायर नेऊ नका, तिथून फक्त ५ आणि १२ व्होल्ट. मेन सप्लाय बंद डब्यात, तीन पिनांचा प्लग, आणि बाहेरून हात लागेल असा प्रत्येक धातूचा भाग अर्थिंगला जोडलेला. हे जमत नसेल तर वायरमनला दोन तास बोलवा.

गेमच्या फायलींवर कंपन्यांचा हक्क असतो, हे माहीत असू द्या. 'मेम' (जुने आर्केड गेम संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर) याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर 'ग्रिडली'सारखे काही गेम घरगुती वापरासाठी मोफत आहेत, चाचणीला ते घ्या.

मला सगळं मिळून वीस हजारांच्या आत पडलं, मॉनिटर आणि भंगार धरून. भोंग्याचा आवाज मी मशीन सुरू होताना वाजेल असा टाकलाय, फक्त रात्री दहानंतर स्पीकर बंद. शेजारचे काका मिलमध्ये होते, पहिल्यांदा वाजला तेव्हा ते दार उघडून बाहेर आले होते.