ठाण्यात शाखा किती आणि आपलं काम कोणाकडे?

विहिरीवरची मोटर चोरीला गेली, तालुक्याच्या ठाण्यात गेलात तर एक म्हणाला 'बीटवाल्याला भेटा', दुसरा म्हणाला 'डीबीला सांगा'. एवढ्याशा इमारतीत विभाग तरी किती, हा तुमचा प्रश्न. ग्रामीण ठाण्यांत उभी नोकरी काढून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लहान ठाण्यात शाखेची पाटी म्हणजे बहुतेक वेळा एक माणूस. तो रजेवर गेला की शाखाही रजेवर. वर प्रभारी अधिकारी, म्हणजे निरीक्षक किंवा छोट्या ठाण्याला सहायक निरीक्षक, हाताखाली एकदोन फौजदार. बाकी गाडा हवालदार आणि शिपाई ओढतात.

दारातून आत गेल्यावर समोर बसलेला तो ठाणे अंमलदार. तुमचं काम आधी त्याच्याकडे. फिर्याद नोंदवून घ्यायची त्याने, ठाणे दैनंदिनी ठेवायची त्याने. आरोपी आणला, गाडी पेट्रोलिंगला गेली, माणसं बंदोबस्ताहून परतली, सगळं वेळेसकट त्यात चढतं. पूर्वी जाडजूड रजिस्टर असायचं, आता बरंचसं काम सीसीटीएनएसवर, म्हणजे पोलिसांच्या संगणक प्रणालीवर.

हद्दीतली गावं बीटांत वाटलेली असतात. प्रत्येक बीटाला एक हवालदार, लांबच्या गावांसाठी दूरक्षेत्र, म्हणजे ठाण्याची छोटी चौकी. गावातली खबर त्याला पोलीस पाटलाकडून मिळते, आणि गुन्हा दाखल झाला की साध्या चोरीचा तपास बहुधा त्याच्याच गळ्यात पडतो. डीबी म्हणजे गुन्हे प्रकटीकरण पथक. साध्या कपड्यांतली चार पोरं, चोऱ्या-घरफोड्यांच्या मागावर. त्यांच्या कानावर जरूर घाला, पण त्यांना तोंडी सांगितलं म्हणजे गुन्हा दाखल झाला असं समजू नका. तुमच्या बाबतीत नेमकं गुन्हा दाखल करणंच राहिलेलं दिसतंय.

बाकीची टेबलं थोडक्यात. बारनिशीला टपाल आणि अर्ज, तिथून शिक्क्याची पोच घ्यायची. गोपनीयवाल्याकडे पासपोर्टची आणि चारित्र्याची पडताळणी, शिवाय मोर्चे, सभा, जयंत्यांची आगाऊ माहिती. क्राईम रायटर गुन्ह्यांची रजिस्टरं सांभाळतो. एखादा समन्स-वॉरंट घेऊन गावोगाव फिरतो, एखादा कायमचा कोर्टात. आणि हजेरी मास्तर, जो कोणाला रात्रपाळी, कोणाला यात्रेचा बंदोबस्त हे ठरवतो. साहेबांशी एक वेळ वाकडं चालेल, पण याच्याशी नाही!

मुद्देमाल कारकुनाचं काम लोकांना कळत नाही आणि शिव्या त्यालाच जास्त बसतात. जप्त केलेली प्रत्येक वस्तू पंचांच्या सह्यांचं लेबल लावून, लाखेची मोहोर करून त्याच्या खोलीत येते. कोयता, मोबाईल, दारूच्या बाटल्या, रक्ताचे कपडे, सगळं एकाच मांडणीवर. आवारात टाकीवर गुन्हा नंबर रंगवलेल्या मोटरसायकली गंजत असतात, त्याही त्याच्याच नावावर. बदली झाली की नव्या माणसाला वस्तू मोजून चार्ज द्यायचा, त्यात एखादा मोबाईल कमी निघाला की याची झोप उडाली. म्हणून उद्या तुमची मोटर सापडली तरी तो हातात देणार नाही. कोर्टातून आदेश आणावा लागेल.

स्थानिक गुन्हे शाखा (एलसीबी), श्वानपथक, ठसेतज्ज्ञ हे ठाण्याचे नव्हेत, जिल्ह्याच्या अधीक्षकांकडचे. मोटरी चोरणारी टोळी फिरत असेल तर एलसीबी आपणहून उतरते, एका मोटरीसाठी सहसा नाही.

आता तुमचं. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यांत 5,000 रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्रात जाऊ शकते, आणि मग कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. तेव्हा मोटरीची पावती सोबत न्या, केबल आणि स्टार्टर गेला असेल तर त्याचीही किंमत धरा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. तपास कुठवर आला हे 90 दिवसांत तुम्हाला कळवणं आता बंधनकारक आहे. दाखल करून घ्यायलाच नकार दिला तर अधीक्षकांना लेखी अर्ज टपालाने पाठवा. आणि कंपनी, हॉर्सपॉवर, पत्र्याच्या पाटीवरचा नंबर हे फिर्यादीत आलंच पाहिजे. नाहीतर डीबीने दहा मोटरी पकडून आणल्या तरी त्यातली तुमची कोणती, हे ठरवता यायचं नाही.