जपानी गाड्यांची मॉडेल्स: आधी गाडी ठरवा, मग स्केल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हॉट व्हील्सच्या दोन-तीन निसान स्कायलाइन घेऊन झाल्या, आता जपानी गाड्यांचा नीट संग्रह करायचा आहे. महिन्याला साधारण दोन हजार रुपये बाजूला काढता येतात. तर १/६४ स्केलचं मॉडेल (खऱ्या गाडीच्या लांबीचा चौसष्टावा भाग) घ्यावं की १/४३, कुठल्या कंपनीचं घ्यावं, आणि मुंबईच्या दमट हवेत हे टिकेल का?

मी उलट्या बाजूने सुरुवात करायला सांगेन. स्केल आणि कंपनी नंतर. आधी कुठल्या गाड्या हव्यात ते ठरवा आणि त्या गाड्यांबद्दल वाचा, जुने फोटो बघा. 'जपानी गाड्या' हा विषय इतका मोठा आहे की समोर येईल ते घेत गेलात तर वर्षभरात कपाट भरेल, पण त्याला संग्रह म्हणवणार नाही. एखादा धागा धरा: फक्त निसान, फक्त रोटरी इंजिनाच्या (पिस्टनऐवजी फिरणाऱ्या रोटरवर चालणाऱ्या) माझदा, फक्त पूर्व आफ्रिकेतल्या सफारी रॅलीत धावलेल्या गाड्या, काहीही. १९७० ची सफारी डॅटसन (निसानचाच ब्रँड) ब्लूबर्डने जिंकली आणि १९७१ ची डॅटसनच्याच २४०झेडने. एवढ्या दोन गाड्या शेजारी ठेवल्या तरी बघणारा थांबून विचारतो.

आता मापं. निसान स्कायलाइन जीटी-आर आर३४ ची खरी लांबी ४.६ मीटर. १/६४ मध्ये ती साधारण ७.२ सेंटीमीटर होते, १/४३ मध्ये १०.७, आणि १/१८ मध्ये पंचवीसच्या वर. मुंबईतल्या घरात १/१८ च्या वीस गाड्या म्हणजे एक अख्खं कपाट. तुमच्या बजेटला आणि जागेला १/६४ योग्य. १/४३ मध्ये हल्ली रेझिनची (साच्यात ओतलेल्या प्लास्टिकची) मॉडेल्स फार सुंदर मिळतात. दारं उघडत नाहीत, म्हणून पत्र्यांमधल्या फटी बारीक आणि कडा धारदार राहतात. पण एकेका गाडीत तुमचे कित्येक महिन्यांचे पैसे जातील.

१/६४ म्हणताना एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेक संग्रह बिघडतात. नेहमीची टोमिका, म्हणजे जपानी टोमी कंपनीची खेळण्यातली गाडी, ही ठरावीक मापाच्या खोक्यात बसेल अशी बनवलेली असते. त्यामुळे प्रत्येक गाडीचं प्रमाण वेगळं. गाडी उलटी करून तळ बघा, आकडा तिथे छापलेला असतो. हॉट व्हील्सवरचं १/६४ सुद्धा नावापुरतंच. जपानच्या केई वर्गातल्या छोट्या गाड्यांना १९९० पर्यंत ३.२ मीटर लांबीची कायदेशीर मर्यादा होती, म्हणजे काटेकोर १/६४ मध्ये बरोबर ५ सेंटीमीटर. शेजारी टोयोटा क्राउन ठेवलीत तर ती सातच्या पुढे जाते. हा फरक फळीवर दिसलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण जपानी रस्त्याचं रूपच त्या फरकात आहे. म्हणून टोमिका आणि काटेकोर १/६४ एका फळीवर मिसळू नका. काटेकोर प्रमाण हवं तर टोमिका लिमिटेड व्हिंटेज, मिनी जीटी, इनो६४ आणि क्योशो बघा. लिमिटेड व्हिंटेज ही मालिका टोमिटेकने २००४ मध्ये काढली, आणि जुन्या, साध्या, घरगुती गाड्यांसाठी तिला तोड नाही. टॅक्सी, डिलिव्हरी व्हॅन, पोलिसांची क्राउन अशा गाड्या इतक्या प्रेमाने दुसरं कोणी करत नाही.

टोमिकाला कमी लेखायचं मात्र नाही. १९७० मध्ये टोमीने ती आणली तेव्हा जपानी मुलांच्या हातात त्या आकाराच्या गाड्या बहुतेक परदेशी असायच्या. पहिल्या सहा गाड्या अशा: ब्लूबर्ड एसएसएस कूपे, कोरोना मार्क टू, क्राउन, पोलिसांची क्राउन, टोयोटा २०००जीटी आणि फेअरलेडी झेड ४३२. रस्त्यावर दिसणारी गाडी मुलाच्या खिशात आली. जपानात बनलेल्या त्या काळच्या गाड्या आज महाग आहेत, पण टोमिकाचीच वेगळी फळी करायची असेल तर तो धागाही भक्कम आहे.

मॉडेल निवडताना काय बघायचं ते एका गाडीवरून सांगतो. १९६९ ची स्कायलाइन जीटी-आर घ्या. साध्या स्कायलाइनच्या अंगावरची रेघ मागच्या चाकावरून सलग जाते आणि टायरचा वरचा भाग झाकते. जीटी-आरमध्ये रुंद टायरसाठी ती कमान कापून मोकळी केलेली आहे, आणि १९७० च्या कूपेवर (दोन दारांच्या गाडीवर) तिथे काळी, स्क्रूने बसवलेली जादा पट्टी येते. मॉडेलवर जीटी-आरचा बिल्ला आहे पण रेघ चाकावरून सलग गेली आहे, तर ते घेऊ नका. मग आरसे बघा. जपानात दारावरच्या आरशांना १९८३ मध्ये परवानगी मिळाली, त्याआधीच्या तिथल्या गाड्यांचे आरसे पुढच्या फेंडरवर (चाकावरच्या पत्र्यावर) असतात. स्टिअरिंग उजवीकडे हवं. फेअरलेडी झेड ४३२ मध्ये याच जीटी-आरचं एस२० इंजिन होतं, म्हणून या दोघी शेजारी शोभतात. इतकं कळायला लागलं की दुकानात हात आपोआप योग्य गाडीकडे जातो.

किमतीबद्दल: २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. त्यामुळे जपानमधली किंमत रुपयांत बदलून इथल्या विक्रेत्याशी भांडू नका. पण 'दुर्मिळ' म्हणून तिप्पट भाव सांगणाऱ्याला सरळ नाही म्हणा. १/६४ ची लोकप्रिय गाडी वेगळ्या रंगात पुन्हा येतेच. गुंतवणूक म्हणून तर मुळीच घेऊ नका.

दमट हवेचं उत्तर: टिकतं, लक्ष ठेवलं तर. काचेच्या बंद कपाटात सिलिका जेल ठेवा, रंग बदलला की तापवून परत वापरा. सर्वात आधी खराब होतात ती कागदी खोकी, त्यांना बुरशी धरते. ती वेगळी, झिपच्या पिशवीत ठेवा. मऊ टायर प्लास्टिकच्या तळावर महिनोन्‌महिने टेकून राहिले की तळाला चिकटतात, डाग पाडतात. खाली पारदर्शक पॉलिस्टर फिल्मचे तुकडे घाला किंवा गाडी तळाच्या स्क्रूवर किंचित उचलून ठेवा. खिडकीचं ऊन लागू देऊ नका, लाल रंग लवकर उडतो. धूळ मेकअपच्या मऊ ब्रशने काढा. स्पिरिट लावू नका, छापलेले बिल्ले पुसले जातात.

धागा सुचत नसेल तर आपल्याकडच्या रस्त्यांवरून सुरुवात करा. १९८३ ची पहिली मारुती ८०० म्हणजे सुझुकीची आल्टो, जिप्सी म्हणजे लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) सुझुकी जिम्नी. जिम्नी टोमिकात मिळते. ती आणि एक फेंडर-आरशांची डॅटसन या महिन्यात घ्या, आणि आर३४ मिनी जीटीची मिळेपर्यंत हॉट व्हील्सची राहू द्या.