वडिलांच्या शुगरसाठी दंडावरचा सेन्सर घ्यावा की साधं मशीनच बरं?

वडील ६४ वर्षांचे, रावेरकडे केळीची शेती, फक्त गोळ्या चालू आणि बोट टोचून टोचून वैतागलेले. सेन्सर घ्यावा का, आणि ते आठवड्याचं नवं इंजेक्शन चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं भुसावळला मेडिकल आहे. डॉक्टर नाही, काउंटरवरून जे दिसतं ते सांगतो.

सेन्सर कायमचा नको. एक सेन्सर साधारण १४ दिवस चालतो आणि ४-५ हजारांच्या घरात जातो. गोळ्यांवरच्या माणसाला वर्षातून एखाद-दोनदा लावला तरी भागतं. पण तेव्हा मुद्दाम पथ्याचं खाऊ नका! एरवी जेवतात तसंच जेवू द्या. बट्टीनंतर शुगर किती चढते, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीनंतर किती, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी मोबाइलवर दिसलं की तुमची निम्मी भांडणं मिटतील. दिवसातून तीन-चारदा इन्सुलिन घेणाऱ्यांची किंवा रात्री झोपेत शुगर उतरणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्यासाठी तो चैनीचा खर्च नाही.

सेन्सर रक्तातली नाही, कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो, म्हणून पाच-दहा मिनिटं मागे असतो. घाम फुटला, हात थरथरले तर आकड्यावर विसंबू नका, बोट टोचून बघा. ७०च्या खाली असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या. म्हणजे साधं मशीन घरात लागणारच.

आणि मशीनला शिव्या घालण्याआधी हात बघा. आमच्याकडे एक काका आले होते, मशीन २८० दाखवतंय म्हणून घाबरलेले. येताना गाडीवर केळं सोलून खाल्लं होतं. साबणानं हात धुवून, कोरडे करून परत तपासलं तर १६५. फळाची साखर बोटाला राहते, नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यानं ती नीट जात नाही. लॅबशी थोडा फरकही धरून चाला : लॅबमध्ये २०० आली आणि मशीननं १७५ दाखवली तर मशीन बिघडलेलं नाही, १५ टक्क्यांपर्यंत मागे-पुढे चालतं. पट्ट्यांची डबी मात्र मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवाल तर पैसे पाण्यात. बहुतेक पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात, आपल्याकडे पारा ४५ गाठतो.

इंजेक्शनचं म्हणाल तर टिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं. वजन आणि शुगर दोन्ही उतरतात, पण सुरुवातीला मळमळ, उलट्या होतात. वडील ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी घेत असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. दोन्ही मिळून शुगर फार खाली जाऊ शकते, म्हणून त्या गोळीचा डोस कमी करावा लागतो. ते अंगानं बारीक असतील तर माझ्या मते आधी डापाग्लिफ्लोझिनबद्दल विचारा. २०२० मध्ये पेटंट संपल्यापासून ती गोळी स्वस्त झाली आहे. ती लघवीवाटे साखर बाहेर टाकते, त्यामुळे उन्हात शेतावर असताना पाणी भरपूर प्यायला हवं. उलट्या-जुलाब लागले तर ती थांबवायची का, हे डॉक्टरांना लगेच फोन करून विचारा.

इंजेक्शन ठरलंच तर न्यायला बर्फाचा थर्मास आणा. इंजेक्शनचं पेन कापडात गुंडाळा, बर्फाला टेकवू नका. गोठलं की ते फेकूनच द्यावं लागतं.