किनाऱ्यावर वापरलेली जुनी एटीव्ही (वाळू-खडकावर चालणारी चार चाकांची मोटरसायकल) घेतली आहे. घरच्या घरी दुरुस्ती आणि देखभाल जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरजवळ कातळावर कलमांची बाग आहे, पुळणीवर पर्यटकांना फेऱ्या मारायला वापरलेली 110 सीसीची चिनी एटीव्ही स्वस्तात मिळाली. चोक ओढला तरच चालू राहते, मागची चाकं डुगडुगतात, आणि आंब्याचे क्रेट वाहायला ती वापरायची आहे. गावातला मेकॅनिक हात लावत नाही.

घरी नक्की जमेल. फक्त कामाचा क्रम उलटा करा. बहुतेक जण इंजिनपासून सुरुवात करतात. किनाऱ्यावरच्या गाडीत इंजिन बहुधा सर्वांत कमी बिघडलेलं असतं, तिला मारतात ते मीठ आणि वाळू. त्यामुळे आधी सांगाडा, मग मागचा धुरा, मग ब्रेक, आणि शेवटी कार्बोरेटर. सांगाडाच पोखरलेला निघाला तर इंजिनावर केलेला खर्च पाण्यात जातो.

प्लास्टिक आणि सीट काढून ठेवा. गोड्या पाण्याने धुवा, पण साध्या नळीने. सर्व्हिसिंगचा प्रेशर पंप बेअरिंगच्या सीलवर मारलात की पाणी आणि वाळू आत जाते आणि सील मग ते बाहेर येऊ देत नाही. खालच्या पाइपांना पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती वाळूने बुजलेली सापडतील. तारेने मोकळी करा. मग लहान हातोडीने पाइप ठोकत चला. धड पाइप खणखणतो, आतून गेलेला बद्द वाजतो. जिथे बद्द वाजेल तिथे जुना स्क्रू ड्रायव्हर जोर देऊन टोचा. आत गेला तर तिथे वेल्डिंग लागणार. पायठेवणीचे जोड, पुढच्या आर्मचे कान आणि मागच्या स्विंगआर्मचा (मागचा धुरा धरणाऱ्या दांडीचा) पिव्हट, या तीन जागा सोडू नका. वेल्डरकडे नेताना बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि सीडीआयचं (प्लगला ठिणगी देणाऱ्या डबीचं) सॉकेट काढून ठेवा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारीच लावायला सांगा. लांब लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि छर्ऱ्यांवर खड्डे पडतात.

गंजावर थेट रंग मारू नका. खाली मीठ राहिलं तर एका पावसात फोड येतात. तारेचा ब्रश, पुन्हा गोडं पाणी, उन्हात पूर्ण वाळवण, मग रस्ट कन्व्हर्टर, त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि मग रंग. आपल्याकडे काळं ऑइल फासायची पद्धत आहे. गंज थोपतो हे खरं, पण रबरी बुश फुगतात, आणि धूळ चिकटून त्याचा लगदा होतो.

आता डुगडुगणारी चाकं. मला वाटतं तुमचं खरं काम इथेच आहे.

पुढच्या चाकांना दगड लावा, मागे जॅक देऊन सांगाड्याखाली दोन जांभे चिरे आणि वर जाड फळी ठेवा. नुसत्या चिऱ्यावर वजन देऊ नका, कोपरा फुटतो. एकाने चाक वर-खाली धरून हलवायचं आणि दुसऱ्याने सांध्यावर बोट ठेवायचं. ढिलाई कुठे आहे ते डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतं. चाक हबसकट (चाक ज्यावर बोल्टने बसतं त्या मधल्या तुकड्यासकट) धुऱ्यावर हलत असेल तर हबचा नट ढिला आहे किंवा आतले दाते झिजले आहेत. तिथून तपकिरी-लाल भुकटी गळत असेल तर दातेच गेले समजा. धुराच हलत असेल तर बेअरिंग गेलं. आणि धुऱ्याचं घरच, म्हणजे धुरा ज्यातून जातो ते नळकांडं, हलत असेल तर स्विंगआर्मचे बुश.

या गाड्यांना मागे डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नसतं. एकच सलग धुरा, त्यावर चेनचं चक्र आणि ब्रेकची डिस्क. खोलताना आधी कॅलिपर (डिस्क पकडणारा ब्रेकचा भाग) सोडवून तारेने वर टांगा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. मग हबची स्प्लिट पिन आणि नट काढा. हब जाम असणारच. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारून ठेवा आणि पुलर (हब ओढून काढायचं हत्यार) लावा. हातोडी घ्यायचीच वेळ आली तर नट धुऱ्याच्या टोकाशी समपातळीत चढवा, वर लाकूड ठेवा आणि मगच ठोका. उघड्या टोकावर एक फटका बसला तरी आटे जातात, आणि मग लेथवाल्याची वाट बघत बसावं लागतं. ब्लोलॅम्प वापरायचा तर पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवा.

चक्राच्या बाजूला एकमेकांवर आवळलेले दोन पातळ नट असतात. मोठे पाने नसले तर छिन्नीने ठोकून काढायचा मोह होतो. तो टाळा, नट फुटतात. ते निघाले की धुरा एका बाजूने ओढून निघतो. धुऱ्याच्या घराच्या दोन्ही टोकांना सील, आत बेअरिंग, आणि दोन बेअरिंगांच्या मध्ये एक लोखंडी नळी असते. ही नळी हरवू नका आणि बिनकामाची समजून बाहेरही ठेवू नका. ती नसली तर नट आवळताना दोन्ही बेअरिंगांच्या आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात, आणि नवीन बेअरिंग काही दिवसांत कुरकुरायला लागतं. घरगुती दुरुस्तीत ही चूक हमखास होते.

चिनी पार्ट मागवत बसायची गरज नाही. बेअरिंगवर नंबर असतो. शेवटच्या दोन आकड्यांना 5 ने गुणलं की आतलं भोक मिलिमीटरमध्ये मिळतं: 6004 म्हणजे 20, 6006 म्हणजे 30 (हा हिशेब 04 पासून पुढे चालतो). पुढे 2आरएस लिहिलेलंच घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. हे लिहून चिपळूण किंवा रत्नागिरीतल्या बेअरिंगच्या दुकानात गेलात की काम झालं.

नवीन बेअरिंग फ्रीझरमध्ये तासभर ठेवा आणि धुऱ्याचं घर उन्हात तापवा, मग ते फार कटकट न करता बसतं. ठोकायचं ते फक्त बाहेरच्या कडीवर. जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी त्यासाठी छान चालते. आतल्या कडीवर ठोकलेलं बेअरिंग बसवतानाच मेलेलं असतं. ग्रीस साधं पिवळं नको, पाण्याने न धुतलं जाणारं मरीन ग्रीस घ्या. बेअरिंग आणि सील यांच्या मधल्या पोकळीत ते भरा. वाळू थोपवणारी खरी भिंत तीच. धुऱ्याच्या दात्यांनाही हात फिरवा, म्हणजे पुढच्या वेळी हब हाताने निघेल. स्प्लिट पिन नवीन, जुनी सरळ करून वापरू नका. पातळ नटांना निळं थ्रेडलॉकर (आटे ढिले होऊ न देणारा चिकट द्रव) लावा आणि पहिल्या तासाभराच्या फेरीनंतर पुन्हा आवळा.

दाते झिजलेल्या हबला धुऱ्याशी वेल्ड मारून देतो असं कुणीतरी सुचवेलच. करू नका. आतलं बेअरिंग नंतर कधीच बदलता येणार नाही, आणि उष्णतेने नवीन सील त्याच दिवशी जळेल.

धुरा बाहेर आहे तोवर चेन बघा. चक्राचे दाते एका बाजूला वाकून टोकदार झाले असतील तर चेन आणि दोन्ही चक्रं एकदम बदला, एकट्या नव्या चेनला जुनं चक्र लवकर खातं. ढिलाई मधोमध 20 ते 30 मिमी ठेवा. तेल लावल्यावर दहा मिनिटांनी फडक्याने कोरडी पुसा, ओल्या चेनला चिकटलेली वाळू पॉलिशपेपरचं काम करते.

ब्रेक: कॅलिपरच्या सरकपिना जाम असतात. काढा, घासा, सिलिकॉन ग्रीस लावा. ब्रेक ऑइल झाकणावर लिहिलंय तेच, डॉट 3 किंवा डॉट 4. ते हवेतलं पाणी शोषतं आणि आपल्या हवेत जरा जास्तच, म्हणून दर वर्षी बदला. इंजिन ऑइल चुकूनही त्यात नको, रबरी सील फुगून ब्रेक धरून बसतो.

चोकचं कारण सोपं आहे. चोक ओढला की मिश्रणात पेट्रोल वाढतं. त्याशिवाय इंजिन टिकत नाही, म्हणजे एरवी पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. आधी हवा तपासा: कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधल्या रबरी जोडावर चालू इंजिनात साबणाचं पाणी फवारा. आवाज बदलला तर रबर चिरलंय. नाही बदलला, तर कार्बोरेटरमधलं स्लो जेट (मंद चालीला पेट्रोल देणारं बारीक भोक) बुजलंय.

पेट्रोलचा कॉक बंद करा, खालच्या वाटीचा स्क्रू सोडून पेट्रोल काचेच्या ग्लासात घ्या आणि पाच मिनिटं थांबा. तळाला पाण्याचे थेंब किंवा वाळूचे कण बसलेले दिसतील. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. वाटी काढल्यावर दोन पितळी जेट दिसतात, मोठं मेन, शेजारचं बारीक ते स्लो. जेटला नीट बसणारा स्क्रू ड्रायव्हर घ्या, पितळेची खाच लगेच जाते. काढलेलं जेट उजेडाकडे धरा. साफ असेल तर सुईच्या टोकाएवढा गोल उजेड दिसतो. अर्धचंद्र दिसला किंवा काहीच नाही, तर कार्ब क्लीनर मारा आणि वायरमधली तांब्याची एक तार आत घाला. सुई किंवा स्टीलची तार नको, भोक मोठं झालं की जेट फेकावं लागतं. हवेचा स्क्रू काढण्याआधी तो हलकेच टेकेपर्यंत किती फेरे आत जातो ते मोजून लिहा. विसरलात तर दीड ते दोन फेरे बाहेर ठेवून सुरुवात करा.

एअर फिल्टरचा फोम रॉकेल किंवा साबणाच्या पाण्यात धुवा, वाळवा, मग फिल्टर ऑइलमध्ये बुडवून पिळा. कोरडा फोम बारीक वाळू अडवत नाही, आणि ती वाळू थेट पिस्टनवर जाते. गाडी निळा धूर सोडत असेल तर प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं) लावा आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सेल्फ मारा. 120 पीएसआयच्या वर असेल तर निश्चिंत राहा. 90 च्या खाली असेल तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा: आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हची फट थंड इंजिनात 0.05 मिमी. प्लगच्या आट्यांची लांबी 12.7 मिमी हवी. लांब आट्यांचा प्लग घातला तर तो पिस्टनला भिडू शकतो.

ऑइल 800 ते 900 मिली लागतं, मोटरसायकलचं 10डब्ल्यू-40 किंवा 20डब्ल्यू-40, डब्यावर जासो एमए लिहिलेलं. कारचं ऑइल नको, क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो आणि घसरायला लागतो. बाहेर आलेलं ऑइल चहासारखं दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. नवीन भरून दहा मिनिटं चालवा आणि काढा, रंग साफ येईपर्यंत दोन-तीनदा. पुढे दर 25 तासांनी बदला.

सेल्फ नुसता टिकटिकत असेल तर नवीन बॅटरी आणू नका. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगचा बोल्ट गंजलाय, घासून लावा. बॅटरी बंद गाडीत 12.6, चालू गाडीत 13.5 ते 14.5 दाखवायला हवी.

टायरची हवा बाजूवर छापलेली असते, साधारण 3 ते 5 पीएसआय. बाइकचं गेज एवढं कमी दाखवत नाही, वेगळं लो-प्रेशर गेज घ्या. पंपावरच्या कॉम्प्रेसरने भरू नका, टायर रिममधून उडतो. करवंदीच्या काट्यांसाठी ट्यूबलेसचा पंक्चर किट जवळ ठेवा.

आता क्रेटबद्दल, नावडतं असलं तरी. भरलेला क्रेट साधारण 20 किलोचा, आणि अशा बऱ्याच 110 सीसी गाड्या एका हलक्या माणसासाठीच बनवलेल्या असतात. सांगाड्यावरची प्लेट वाचा, तुमचं स्वतःचं वजन वजा करा, उरेल तेवढंच लादा. बहुतेक वेळा उत्तर एक क्रेट किंवा शून्य येतं. उतारावर आडवी चालवू नका, सरळ वर किंवा सरळ खाली. आणि नोंदणी नसलेली ही गाडी गावच्या डांबरीवरही नेता येत नाही.

मृग लागायच्या आत तिला झोपवा. टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करा. प्लगच्या भोकातून 5 मिली ऑइल टाकून इंजिन थोडं फिरवा. बॅटरी काढून घरात आणा आणि महिन्यातून एकदा तिच्या क्षमतेच्या दहाव्या भागाने चार्ज करा, म्हणजे 5 अँपिअर-तासाला अर्धा अँपिअर. चाकं जमिनीवरून उचललेली ठेवा. वर प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो. पडवीत किंवा मांगरात जुनं सुती कापड पुरे. सायलेन्सरमध्ये उंदीर घरटं करतात म्हणून तोंडाला फडक्याचा बोळा बसवा, आणि दसऱ्याला गाडी काढताना तो दिसावा म्हणून त्याचं लाल टोक बाहेर लोंबतं ठेवा.