कोरल-फोटोशॉप येतं, मग ग्राफिक डिझाईनच्या पहिल्या वर्षाला कॉलेजात जाऊन शिकायचं काय?

भावा, वयानं लहान दिसतोयस म्हणून तू म्हणतोय, राग मानू नकोस. तुझा प्रश्न थोडक्यात असा की बारावी कॉमर्स झाली, कागलला राहतोस, यूट्यूब बघून कोरल आणि फोटोशॉप शिकलास, वाढदिवसाचे आणि दुकानाच्या उद्घाटनाचे बॅनर करून खर्चापुरतं सुटतं, कुणीतरी सांगितलं अप्लाइड आर्टला, म्हणजे ग्राफिक डिझाईनच्या डिग्रीला, जा, पण तिथं गेलेला मित्र म्हणतो की पहिलं वर्षभर नुसते कागदाचे चौकोन कापायला लावतात. तर चार वर्षं घालवायची का, आणि चित्रकला बेताची असली तर चालतं का.

मित्र खरं बोलतोय. चौकोनच कापायला लावतात. मी पण कापलेत.

त्याआधी माझं सांगतो, कारण मी तुझ्याच जागेवर होतो. कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका फ्लेक्सच्या दुकानात दोन वर्षं ऑपरेटर होतो. दिवसाला दहा-बारा डिझाईन, 'भावी नगरसेवक', 'आमचे काळीज', खाली गोलात आठ-नऊ शुभेच्छुक, मागनं आगीच्या ज्वाळा नाहीतर वाघ. हात इतका बसला होता की गिऱ्हाईक चहा पिऊन येईपर्यंत बॅनर तयार, आणि मला खरंच वाटायचं की मी डिझायनर झालो. मग मामाच्या मुलीचं लग्न ठरलं आणि पत्रिका मी करतो म्हणून मोठ्या तोंडानं सांगितलं. स्क्रीनवर असला भारी मोरपंखी रंग दिसत होता की बघत बसावं. छापून आला तो शेवाळी. तेवढ्यावर भागलं असतं, पण आतला सगळा बारीक मजकूर, निमंत्रकांची नावं वगैरे, मी जो काळा रंग घेतला होता तो चार रंग मिळून झालेला काळा होता. मशीनवर प्लेटा केसभर सरकल्या आणि प्रत्येक अक्षराला एका बाजूनं लाल, दुसऱ्या बाजूनं निळी सावली. ऱ्हस्व-दीर्घ तर सोडच, मामाचं आडनाव पण ओळखू येईना. मामा म्हणाले, "आरं, ह्यात माझं नाव हाय का शाई सांडलीया?"

प्रेसवाल्या काकांनी काही न बोलता भिंग हातात दिलं. भिंगातनं बघितल्यावर कळलं की छापलेला फोटो म्हणजे नुसते ठिपके असतात, निळसर, गुलाबी, पिवळे आणि काळे, आणि स्क्रीन उजेडानं रंग दाखवते म्हणून तिच्यावरचे काही झगझगीत रंग शाईत येतच नाहीत. तुझ्याकडं भिंग असलं तर उद्याच पेपरातला एखादा फोटो बघ, डोळे उघडतील. काका एवढंच म्हणाले, "बारीक अक्षर नुसत्या काळ्यात ठेवायचं असतं, हे सांगितलं नाही का कुणी?" नव्हतं सांगितलं. दोन वर्षांत कुणीच काय सांगितलं नव्हतं, कारण दुकानात सगळे माझ्याएवढंच जाणत होते. त्या वर्षी कॉलेजचा फॉर्म भरला.

आता चौकोन. पहिल्याच आठवड्यात सरांनी सहा इंच बाय सहा इंचाचे पांढरे कागद काढायला लावले आणि काळ्या कागदाचे एकाच मापाचे चार चौकोन. शब्द दिले: गर्दी, एकटेपणा, ताण, वाढ. चौकोन सरकवा, फिरवा, अर्धा कागदाबाहेर जाऊ द्या, पण चौकोन चारच आणि रंग नाही. मला हसू आलं, म्हटलं आपण वाघाच्या अंगावर आग लावलेली माणसं, हे काय बालवाडीचं. 'ताण' साठी दोन चौकोन मध्यभागी एकमेकांना चिकटवले आणि दोन लांब ठेवले. सर म्हणाले, "ह्यात ताण कुठाय? हे दोघं कट्ट्यावर गप्पा मारत बसलेत." मग त्यांनी स्वतः एक चौकोन थोडा तिरका केला आणि त्याचा कोपरा दुसऱ्याच्या कोपऱ्याजवळ आणून दोन मिलिमीटरवर थांबवला. लागतोय-लागतोय पण लागत नाही. बास, माझ्या दाताखाली काहीतरी करकरल्यासारखं झालं. दोन मिलिमीटर! मी दोन वर्षं मजकूर बॅनरच्या कडेला असाच चिकटवत आलो होतो आणि आपला बॅनर बघताना कसंतरी का होतंय ते कळत नव्हतं.

त्या वर्षात जे काय शिकवतात ना, रेषा, आकार, पोत, तोल, विरोध, लय, ते पुस्तकात वाचलं तर झोप येते, पण हातानं कापून चिकटवून बघितलं की ते डोळ्यात बसतं. डोळा जवळजवळच्या गोष्टी एक घर समजतो, हे जर्मनीत मॅक्स वेर्टहायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सोबत्यांनी १९१० नंतरच्या काळात प्रयोग करून मांडलं, गेस्टाल्ट म्हणतात त्याला. ऐकायला लई जड. पण तुझ्या बॅनरवर शुभेच्छुकांच्या दोन ओळी असतात का नाही? वरच्या ओळीचं नाव फोटोखाली आणि त्याच्या लगेच खाली दुसऱ्या ओळीचा फोटो, अंतर दोन्हीकडं सारखं. मग लोकांना कळत नाही नाव वरच्याचं की खालच्याचं. माझ्या एका बॅनरवर मंडळाच्या खजिनदाराला सगळ्यांनी अध्यक्ष म्हणून शुभेच्छा दिल्या होत्या, आणि खरा अध्यक्ष दुकानात येऊन काय बोलला ते इथं लिहिता येणार नाही. नाव आपल्या फोटोजवळ अर्धा इंच सरकवलं असतं तर भांडण मिटलं असतं.

दुसरा लक्षात राहिलेला अभ्यास कुस्तीच्या मैदानाच्या पोस्टरचा. आपल्याकडं खासबाग मैदान १९१२ चं, शाहू महाराजांनी बांधलेलं, तर कोल्हापूरच्या पोराला कुस्तीचं पोस्टर करायला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. सगळ्यांनी मिशा, दंड, गदा, धूळ, नुसता जाळ काढला. सरांनी पंचवीस पोस्टरं भिंतीला लावली, आम्हाला वर्गाच्या दारात उभं केलं आणि विचारलं, "तारीख काय?" पंचवीसातली चार पोस्टरं वाचता आली. माझं त्या चारात नव्हतं. "माणूस गाडीवरनं दसरा चौकातनं चाललाय, मागनं केएमटीची बस हॉर्न देतीय, त्याच्याकडं तीन सेकंद आहेत, त्यात त्याला काय द्यायचं ते तू ठरवायचंस." आधी काय वाचलं जाणार, मग काय, शेवटी काय, ह्या उतरंडीला हायरार्की म्हणतात, आणि माझ्या मते पहिल्या वर्षात एवढं एक जरी डोक्यात शिरलं तरी फी वसूल. कुस्ती, कधी, कुठं, मुख्य जोड कुठली. बाकीच्या जोडीदारांचे फोटो जवळ येऊन बघणाऱ्यासाठी. सगळंच मोठं केलं की काहीच मोठं राहत नाही, आणि आपली सगळी पोरं नेमकं तेच करतात, कारण गिऱ्हाईक मागं उभं राहून म्हणतंय माझं नाव अजून मोठं कर.

अक्षरांबद्दल थोडं जास्त बोलतो कारण यूट्यूबवर तू जे शिकलास ते बहुतेक इंग्रजी अक्षरांवरनं शिकवलेलं असणार. तिथं सांगतात की अक्षरांमधलं अंतर वाढवा, एकदम क्लासी दिसतं. मराठीत तेच केलंस की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. तसंच ओळींमधलं अंतर. इंग्रजीच्या सवयीनं ठेवलंस तर 'कोल्हापूर' मधला खालचा उकार पुढच्या ओळीतल्या रफारात जाऊन अडकतो, कारण आपल्या लिपीला वर पण मजला आहे आणि खाली पण. हे मला बोरूनं लिहिताना कळलं. तिरकं कापलेलं टोक, हात न वळवता कोन तोच ठेवायचा, आणि पंधरा दिवस नुसता 'क' आणि 'अ' काढायचा. क ची गाठ कुठं जाड होते आणि कुठं निमुळती, ते एकदा हाताला कळलं की फॉन्ट निवडताना डोळा फसत नाही. विंडोजवरचा मंगल फॉन्ट आर. के. जोशी सरांनी केलाय, मराठीच माणूस, आणि तो स्क्रीनवर वाचायला केलेला फॉन्ट, आपण तोच उचलून पत्रिकेवर लावतो. मुक्ता, बालू असले फुकटचे चांगले फॉन्ट आहेत, ते आधी वापरून बघ.

जाता जाता एक कामाची गोष्ट, फोटोशॉपात युनिकोड मराठी (मोबाईलवर टाइप करतो ती) टाकल्यावर 'शिवाजी पेठ' ची पहिली वेलांटी व वर जाऊन बसत असेल तर प्रोग्रॅम बिघडलेला नाही, टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट चालू कर. मी ह्यापायी कितीतरी रात्री जुन्या फॉन्टमध्ये परत टाइप करण्यात घालवल्यात.

आणि कोल्हापुरात राहून हे शिकायला बाहेरचं जगच बघायला पाहिजे असं नाही. बाबूराव पेंटर आपल्याच गावचे, १८९० चा जन्म, नाटकाचे पडदे रंगवणारा हात, पुढं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि सिनेमाची पोस्टरं पण स्वतः केली. 'प्रभात' फिल्म कंपनी १९२९ ला इथंच सुरू झाली, तिची ती तुतारी वाजवणारी बाई आठव, नाव न वाचता ओळखता येते, लोगो म्हणजे दुसरं काय असतं. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं बघून ये. मी तिथं जन्मात गेलो नव्हतो, कॉलेजनं पाठवलं तेव्हा पहिल्यांदा गेलो, घरापासनं वीस मिनिटांवर.

आता नावं ठेवायची ती पण ठेवतो. पहिलं वर्ष बऱ्याच ठिकाणी फाउंडेशनचं असतं, म्हणजे पेंटिंगला जाणारी पोरं आणि तू एकाच वर्गात, त्यामुळं लोगो-बिगो लगेच हातात येत नाही, आणि कमवायची सवय लागलेल्याला हे वर्ष लई लांब वाटतं. कॉम्प्युटर जुने असतात. सॉफ्टवेअर तुला मास्तरांपेक्षा जास्त येत असेल, अगदी शक्य आहे. थिअरीच्या जर्नलमध्ये बरीच कॉपी चालते, मी पण केलीय. पण एक गोष्ट घरी बसून होत नाही, तुझं काम भिंतीला लावून पंचवीस जणांनी तुझ्यादेखत सोलून काढणं. बॅनरच्या धंद्यात गिऱ्हाईक एक तर 'एक नंबर' म्हणतं नाहीतर पैसे कापतं. का चुकलं ते कोण सांगत नाही.

चित्रकला बेताची म्हणतोस, तर बीएफएच्या, म्हणजे ह्याच चार वर्षांच्या डिग्रीच्या, सीईटीला (प्रवेश परीक्षेला) वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान असं असतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली असशील तर ही नावं ओळखीची वाटतील. तिथं रविवर्मा व्हायला सांगत नाहीत. तांब्या, कांदा, खाली चुरगळलेलं फडकं, उजेड एका बाजूनं, हे रोज एक असं तीन महिने काढ, बघ हात कसा बदलतो. माझा तांब्या पहिल्या दिवशी फुटलेल्या मडक्यासारखा होता. तारखा आणि पेपरचा नमुना सीईटी सेलच्या साइटवरच बघ, व्हॉट्सॲपवर फिरतंय त्यावर जाऊ नको.

कुठलं कॉलेज म्हणशील तर कोल्हापुरात दळवीज आहे, कलानिकेतन आहे, दोन्हीकडं स्वतः जा, वार्षिक प्रदर्शनाच्या वेळी गेलास तर पोरांचं काम दिसेल, नाहीतर सरळ वर्गात डोकावून भिंती बघ. भिंती कोऱ्या असल्या तर दुसरीकडं चौकशी कर. फी, सवलत, स्कॉलरशिप हे ऑफिसातच विचार, मित्रांना नको.

जाऊ का नको, तर घर तुझ्या बॅनरच्या पैशावर चालत नसेल तर जा. चालत असेल तर उगाच कर्ज काढू नकोस, काम चालू ठेव, चौकोन, बोरू आणि कुस्तीचं पोस्टर हे तिन्ही घरी कर, आणि ओळखीच्या एखाद्या चांगल्या कमर्शियल आर्टिस्टला दर पंधरा दिवसांनी दाखव. शिव्या खायची तयारी ठेव. मी तर संध्याकाळी दुकान आणि दिवसा कॉलेज असं केलं, पहिल्या सहा महिन्यांत दुकानातले पैसे कमी झाले कारण एकेका बॅनरला वेळ लागायला लागला, मालक पण कुरकुरला. नंतर गिऱ्हाईक नावानं विचारायला लागलं.

लॅपटॉप लगेच घेऊ नकोस, पहिल्या वर्षी लागत नाही. कटर मात्र चांगला घे, खाली घालायला जाड पुठ्ठा घे, आणि ब्लेडचं पाकीट एक जास्तीचं, महिन्याभरात संपतंय.